पारनेरला चालतो, राहुरीला अडतो : नवख्या प्रोग्रामरच्या चुकांचा इतिहास

समजा, तुम्ही आपल्या जिल्ह्यातल्या चौदाही तालुक्यांची माहिती गोळा करताय. प्रत्येक तालुक्याचं एक फोल्डर, डी ड्राइव्हवर, नाव रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. विंडोजवर पायथनमध्ये छोटा डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला, चौदा फोल्डरांचे चौदा पत्ते एकेक करून कोडमध्ये टाकले. तालुक्याचं बटण दाबलं की फाइल उघडायची, एवढंच काम.

पारनेर उघडतं. संगमनेर, शेवगाव, जामखेड, सगळं उघडतं. राहुरी मात्र उघडत नाही. राहाता, नेवासा, अकोले आणि खुद्द नगर तालुकाही नाही. फोल्डर समोर दिसतंय, फाइल आत आहे, तरी प्रोग्राम म्हणतो की पत्ताच चुकीचा आहे.

इथे बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. पायथन काढून पुन्हा टाकतात, कुठून तरी दुसऱ्याचं कोड उचलून चिकटवतात, किंवा 'आपल्याला हे जमणारं नाही' असं ठरवून मोकळे होतात. पण विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून जरा थांबून बघा. नऊ तालुके चालतात, पाच चालत नाहीत. हा नमुना आहे, आणि नमुना असला की कारणही असतं. डेस्कटॉप प्रोग्रामिंगमधल्या नवख्यांच्या बऱ्याच अडचणींचं कारण आपल्या अकलेत नसून जुन्या निर्णयांत असतं. कुणी तरी, कुठल्या तरी वर्षी, त्या वेळच्या गरजेपोटी काही ठरवलं आणि ते आजही आपल्या कोडखाली जिवंत आहे. तो इतिहास माहीत असला की दुरुस्ती सोपी होते. अशा चार अडचणी बघू.

१. पत्त्यातली उलटी रेघ

न उघडणारे पाच तालुके रोमनमध्ये लिहा. दोन 'एन'ने सुरू होतात, दोन 'आर'ने आणि एक 'ए'ने. पत्त्यात त्या अक्षराच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ आहे. पायथनमध्ये बॅकस्लॅश आणि 'एन' मिळून 'नवी ओळ' असा अर्थ होतो. बॅकस्लॅश आणि 'आर' म्हणजे 'ओळीच्या सुरुवातीला परत जा'. बॅकस्लॅश आणि 'ए' म्हणजे 'घंटी वाजवा'. त्यामुळे राहुरीच्या पत्त्यातला 'आर' गिळला गेला आणि अकोल्याच्या जागी घंटी आली. 'पी', 'एस', 'के' आणि 'जे' या अक्षरांना असा खास अर्थ नाही, म्हणून पारनेर ते जामखेड सगळे सुखरूप. त्यांच्यासाठी पायथन फार तर एक इशारा छापतं.

ही घंटी आली कुठून? सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये घडली. तेव्हा कॉम्प्युटरपुढे टेलिटाइप यंत्र असायचं. कागदावर छापणारं हे यंत्र ओळ सरकवायचं, छापणारा भाग डावीकडे परत न्यायचं आणि खरोखर घंटी वाजवायचं. या हुकमांसाठी सी भाषेत बॅकस्लॅश आणि एक अक्षर अशी खूण आली. घंटीचा 'ए' तर १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत आला. पायथनने ही पद्धत सीकडूनच घेतली.

दुसरीकडे १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. सरळ तिरकी रेघ तिथे हुकमांचे पर्याय देण्यासाठी वापरली जायची. १९८३ मध्ये डॉस २.० ने फोल्डर आणले तेव्हा ती रेघ आधीच अडकलेली होती, म्हणून पत्त्यासाठी उलटी रेघ घेतली. दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या कारणांनी एकच चिन्ह वापरलं गेलं, आणि त्यांची टक्कर आज आपल्या राहुरीच्या फोल्डरमध्ये होते.

निदान कसं करायचं? एरर मेसेजची शेवटची ओळ वाचा. पायथन तिथे पत्ता छापताना शाबूत बॅकस्लॅश दोनदा दाखवतं. जिथे एकच दिसतो, तिथे पुढचं अक्षर गिळलं गेलंय. उपाय तीन आहेत: पत्त्याच्या अवतरणचिन्हाआधी 'आर' लिहा, किंवा सरळ तिरकी रेघ वापरा (विंडोजला ती चालते), किंवा पत्ते जोडण्यासाठी पाथलिब वापरा. एकच निवडा आणि सगळीकडे तोच ठेवा.

२. प्रश्नचिन्हं, चौकोन आणि रोमन खिचडी

पहिली चूक निदान ओरडून सांगते. ही दुसरी अनेकदा गप्प राहते, म्हणून संशोधनासाठी जास्त घातक आहे.

शेतकऱ्यांची नावं मराठीत भरली आणि परत उघडल्यावर भलतंच दिसलं, तर आपण सरसकट 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणतो. पण लक्षणं चार आहेत आणि कारणंही चार.

चौकोन दिसले तर माहिती शाबूत आहे. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही इतकंच. फॉन्ट बदला.

डोक्यावर रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याच्या शेजारी एक विचित्र चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर यूटीएफ-८ मधली फाइल जुन्या पश्चिम युरोपीय पद्धतीने वाचली जातेय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम २२४ असतो, म्हणून तोच 'ए' सारखा येतो. इथेही माहिती शाबूत आहे, पण तशीच पुन्हा सेव्ह करू नका. फाइल उघडताना आणि लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे कोडमध्ये स्पष्ट लिहा. विंडोजच्या मर्जीवर सोडू नका.

साधीच रोमन अक्षरं, पण अर्थहीन खिचडी दिसली, तर ती फाइल जुन्या फॉन्टांच्या काळातली असण्याची शक्यता मोठी. इथे थोडा इतिहास हवा. १९६३ च्या अ‍ॅस्की संकेतात जागा होत्या १२८, सगळ्या इंग्रजीच्या सोयीच्या. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत १९८८ मध्ये आणि सुधारित भारतीय मानक १९९१ मध्ये आलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. पण बाजारात आणि छापखान्यांत चालले ते श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट. त्यांत कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर रोमनच राहायचं, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचं चित्र काढायचा. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. अशा फाइलला त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. एखाद्या संस्थेच्या जुन्या याद्यांवर काम करायचं असेल, तर फाइलसोबत फॉन्टचं नावही मागून घ्या.

आणि चौथं लक्षण, नुसती प्रश्नचिन्हं. हे सगळ्यात वाईट. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचा विभाग मिळाला, तोही इस्कीच्या मांडणीवर बेतलेला. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय विंडोजमध्येच आली. पण १९९८ चं व्हिज्युअल बेसिक ६ आतून युनिकोड वापरत असलं, तरी त्याच्या खिडकीतले रकाने जुन्या एएनएसआय पद्धतीचे होते. त्या पद्धतीत देवनागरीसाठी तक्ताच नव्हता. जे अक्षर तक्त्यात नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालायचं, असा नियम. म्हणजे मूळ अक्षर पुसलं गेलं आणि तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. जुनं कोड आणि जुना डेटाबेस आजही वापरात असेल, तर हे आजही घडतं.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली आपल्याच नेवाशात, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. पुढे नकला होताना पाठ बिघडत गेले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तो शुद्ध करून दिला. बिघडलेल्या पाठात मूळ शब्दाचा काही तरी माग उरतो, प्रती ताडून बघता येतात. सहा प्रश्नचिन्हांत 'संगीता' होती की 'सुनीता', हे कुठलाच एकनाथ सांगू शकणार नाही. म्हणून नियम एकच: गावातून आणलेली मूळ फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून बाजूला ठेवा आणि प्रोग्रामला नेहमी तिची नक्कल द्या.

जाता जाता एक मोजणी. 'श्रीगोंदा' आपल्याला तीन अक्षरी वाटतं. युनिकोडच्या हिशोबात ती नऊ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. डेटाबेसमधला रकाना २० बाइटचा ठेवलात, तर नाव मध्येच तुटेल.

३. 'नॉट रिस्पॉन्डिंग'

तुम्ही बटण दाबलं, प्रोग्राम दहा हजार नोंदी वाचायला लागला, खिडकी पांढुरकी झाली आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं. घाबरून बंद करू नका. कदाचित काम नीट चाललेलं असेल.

पोस्टातली एक खिडकी डोळ्यासमोर आणा. आत एकच कारकून. तो मागच्या खोलीत जुनं रजिस्टर शोधायला गेला, की बाहेरच्या रांगेला वाटतं इथे कुणीच नाही. विंडोजची रचना अशीच आहे. माउसची प्रत्येक क्लिक, प्रत्येक कळ हा एक निरोप असतो आणि खिडकी तयार करणारा धागा, म्हणजे थ्रेड, ते निरोप एकेक करून उचलतो. विंडोज ३.१ च्या काळात, १९९२ साली, एका प्रोग्रामने निरोप उचलणं थांबवलं की बाकीचे प्रोग्रामही अडायचे. विंडोज ९५ पासून ३२-बिट प्रोग्रामांची ही परस्पर अडवणूक बरीच कमी झाली, पण एका खिडकीचा एकच कारकून ही व्यवस्था राहिली. पुढे विंडोज एक्सपीपासून, सुमारे पाच सेकंद निरोप उचलले गेले नाहीत तर विंडोज ती पांढुरकी खिडकी दाखवू लागलं.

उपाय म्हणजे मागच्या खोलीसाठी दुसरा माणूस नेमा. जड काम वेगळ्या थ्रेडमध्ये करा आणि निकाल खिडकीच्या थ्रेडकडे सोपवा. दुसऱ्या थ्रेडमधून थेट खिडकीतला मजकूर मात्र बदलू नका, त्याने वेगळेच घोळ होतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये 'डू-इव्हेंट्स' नावाची पळवाट होती, म्हणजे कारकुनाने मध्येमध्ये खिडकीवर डोकावायचं. पण तेवढ्यात कुणी तेच बटण पुन्हा दाबलं, तर तेच काम दुसऱ्यांदा सुरू होतं आणि नोंदी दुप्पट होऊ शकतात. काम चालू असेपर्यंत बटण निष्क्रिय ठेवा.

४. नावालाच ओळख समजणं

आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुका आहे. रायगड जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे. नुसतं नाव हीच किल्ली धरून माहिती साठवलीत, तर दुसरं कर्जत पहिल्यावर बसेल आणि प्रोग्राम कसलीही तक्रार करणार नाही. पावसाच्या आकड्यांत हे घडलं, तर आपलं दुष्काळी कर्जत कोकणात जाईल.

जिल्ह्याच्या नावाचंही बघा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत जुन्या नावाचं स्पेलिंगही नेहमीचं नाही. 'एम'नंतर आपण 'ई' लिहितो, तिथे 'ए' आहे. बोलण्यात तर आपण नुसतं 'नगर' म्हणतो. कोडमध्ये नाव थेट लिहून तुलना केलीत, तर एकाच जिल्ह्याचे चार जिल्हे होतील.

यावरचा उपाय सरकारी यंत्रणांनी आधीच केलेला आहे: नाव वेगळं, संकेतांक वेगळा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ आहे. गाड्यांवर एमएच-१६ आणि श्रीरामपूरचा एमएच-१७ आहे. नाव बदललं तरी जुन्या गाड्यांचे नंबर जुन्या नोंदींशी जुळतातच. तुमच्या प्रोग्राममध्येही प्रत्येक गावाला, प्रत्येक माणसाला न बदलणारा क्रमांक द्या आणि नाव ही फक्त दाखवायची गोष्ट ठेवा.

मग करायचं काय?

प्रयोगशाळेत जे करतो तेच. एका वेळी एकच गोष्ट बदला. अडणारा सर्वांत छोटा नमुना शोधा: दहा हजार नोंदी नकोत, एक राहुरी पुरे. त्याच्या शेजारी चालणारा नमुना ठेवा, म्हणजे पारनेर. दोघांत फरक काय, हे कागदावर लिहा. एरर मेसेज, तारीख आणि पायथन व विंडोजची आवृत्ती नोंदवहीत उतरवा. मदत मागायला गेलात तर समोरचा पहिल्यांदा हेच विचारणार आहे.

आणि खरी माहिती भरण्याआधी एक चाचणी यादी करा: नाव, गाव आणि फोल्डरचा पत्ता. त्यात राहुरी असू द्या, अकोले असू द्या, श्रीगोंदा असू द्या, दोन्ही कर्जत असू द्या, जिल्ह्याची जुनी-नवी नावं असू द्या. यादी भरा, सेव्ह करा, प्रोग्राम बंद करा, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा आणि मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघा. जेमतेम एक दुपार जाईल. उलट दोन उन्हाळे गावोगाव फिरून आणलेली नावं प्रश्नचिन्हं झाली, तर त्या घरांच्या दारात पुन्हा उभं राहावं लागेल, आणि तेव्हा सगळेच घरी सापडतील असं नाही.