भाकरीचा वांटा

शेतकऱ्याचें ताट म्हणजे त्याच्या जमिनीचा व पावसाचा हिशेब होय. भिंगारच्या आसपासचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. हलक्या, मुरमाड रानांत खरिपाची बाजरी, काळ्या रानांत रब्बीची ज्वारी. त्यामुळें येथील घरांत जेवण म्हणजेच भाकरी. बाजरी उष्ण म्हणून थंडीची, ज्वारी थंड म्हणून उन्हाळ्याची, असा समज. गव्हाची पोळी सणासुदीलाच. पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळीचा पहिला घास बैलांना, धनी मागून जेवत असे.

न्याहारीची भाकरी फडक्यांत बांधून रानांत जाई. सोबत कांदा, मिरचीचा ठेचा, कधीं हुलग्याचें किंवा मटकीचें कोरड्यास. हीं कडधान्यें बाजरीच्याच रानांत, तुरीसह, मिसळून पेरीत. एक पीक गेलें तर दुसरें हातीं लागावें, हा हेतु. आयर्लंडांतील गरीब कुळें एकट्या बटाट्यावर जगत. १८४५ पासून त्या पिकावर रोग पडला आणि कांहीं वर्षांत सुमारें १० लक्ष माणसें मेलीं.

मग मिश्र पिकाची रीत असतांहि १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या सालीं दख्खनमध्यें लोक उपाशी कां राहिले? पाऊस गेला हें खरें. परंतु कणगींतलें धान्य पुष्कळदां कुणब्याचें नसेच. सारा व सावकाराचें देणें यांपायीं तें सुगीलाच घराबाहेर पडे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, तीं या कर्जाच्या जाचामुळेंच. आयर्लंडांतूनहि दुष्काळाच्या वर्षांत धान्य परदेशीं जातच होतें.

वांटणीचा हा प्रश्न घरांतहि होता. खळ्यावर बलुतेदारांना धान्य मिळे. पण ज्यांच्या श्रमांवांचून गांवगाडा चालत नसे, त्यांतील कित्येकांना पंक्तींत जागा नव्हती. घरांत आधीं पुरुष, मग मुलें, शेवटीं बायका. भाकरी थापणारीच्या वांट्याला उरलेली भाकरी येई, आणि टंचाईच्या वर्षीं तीहि उरत नसे.

१९७२ च्या दुष्काळांत हजारों स्त्रिया खडी फोडावयास सरकारी कामांवर गेल्या. तेथें सुकडी मिळे; रेशनवर परदेशी मिलो मिळे. पुढें १९७७ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें म्हणून पाळलें. शहरांतील उपाहारगृहांत आज बाजरीच्या भाकरीला मान आहे. त्या मानांत शेवटीं जेवणारीची आठवण राहिली, तर भाकरीचा इतिहास पुरा लिहिला गेला असें म्हणतां येईल.