दोन मुलींची साक्ष

इतिहास हा बहुधा थोरांनीं थोरांविषयीं लिहिलेला असतो. त्यांत पोरवयाच्या मुलींची साक्ष क्वचितच आढळते. म्हणूनच १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चांत 'ज्ञानोदया'च्या दोन अंकांत प्रसिद्ध झालेला मुक्ता साळवे हिचा निबंध मोलाचा ठरतो. मुक्ता मांग जातीची, वय अवघें १४, आणि फुले दांपत्याच्या पुण्यांतील शाळेंतील विद्यार्थिनी. मांग-महारांचीं दुःखें वर्णितांना पेशवाईंतील जुलूम तर ती सांगतेच. परंतु घरावर छप्पर नसतां थंडीपावसांत बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांसही ती विसरत नाहीं. हें दुःख केवळ जातीचें नव्हे आणि केवळ स्त्रीत्वाचेंही नव्हे. मांग पुरुषाच्या वाट्यास तें येत नसे. उच्चवर्णीय स्त्रीचीं दुःखें निराळीं होतीं. दोहोंच्या मिलाफांतून तिसरेंच कांहीं निपजतें.

१०० वर्षांनीं, २ मार्च १९५५ रोजीं, अमेरिकेंतील माँटगोमेरी शहरांत क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनें बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठीं सोडण्याचें नाकारलें. तिला अटक झाली ती वर्णामुळें. पण पोलिसांच्या गाडींत शिपायांनीं तिच्या देहाविषयीं अभद्र शेरे मारले, असें तिनें पुढें सांगितलें, तें मुलगीपणामुळें. स्वकीय पुढाऱ्यांनींही तिला चळवळीचें प्रतीक केलें नाहीं. कोवळें वय, गरिबी, आणि पुढें विवाहावांचून आलेलें गर्भारपण आड आलें. तरीही १९५६ सालीं ज्या खटल्यानें तेथील बसमधील वर्णभेद रद्द ठरला, त्यांत ती एक वादी होती.

जोतीरावांनीं 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली; तेव्हां ही तुलना आपल्याकडे नवी नाहीं. ती जुनीही झालेली नाहीं. ऊसतोडीचा हंगाम आला म्हणजे माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या बारामती-इंदापुराकडील कारखान्यांच्या आसपास मराठवाड्यांतील मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत दलित व भटक्या-विमुक्त कुटुंबें पुष्कळ. वयांत आलेल्या मुलीस एकटी गांवीं ठेवण्याचें भय वाटतें, म्हणून ती संगें येते, धाकटीं भावंडें सांभाळते. आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जात असल्यानें तिचें लग्नही लौकर उरकलें जातें. शाळा मात्र गांवींच राहते. मुक्तेनें ज्या छपराविषयीं लिहिलें, त्याच्या जागीं आज कोपीचें पाचट आहे.

जातीचा हिशेब एका वहींत आणि स्त्रियांचा दुसऱ्या वहींत मांडणाऱ्या सुधारकास ही मुलगी कोणत्याच वहींत सांपडावयाची नाहीं. तिचें दुःख कळावयाचें तर तिलाच लिहावयास शिकविलें पाहिजे; मुक्तेच्या गुरुजनांनीं हेंच केलें होतें.