टायलरचीं निनांवी मुलें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सास हें एक विस्तीर्ण राज्य आहे. त्याच्या पूर्व भागांत टायलर नांवाचें शहर आहे. गुलाबांच्या लागवडीसाठीं तें प्रसिद्ध. त्यापलीकडे त्याचें नांव परदेशांत कोणास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु १९७७ सालीं या शहराच्या शाळामंडळानें एक नियम केला, आणि त्या नियमांतून उद्भवलेला वाद थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोंचला. वादाचा विषय वरवर पाहतां लहान होता. परवान्यावांचून देशांत आलेल्या माणसांच्या मुलांना सरकारी शाळेंत फुकट शिकवावें कीं नाहीं? पण या प्रश्नाच्या पोटांत दुसरा, अधिक मोठा प्रश्न दडलेला होता. तो असा कीं, ज्याच्या वास्तव्यास कायद्याची मान्यता नाहीं, त्याला कायद्याचें संरक्षण आहे काय?

हा प्रश्न टेक्सासमध्येंच कां उपस्थित झाला, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. टेक्सासचा प्रदेश पूर्वीं मेक्सिकोचा. १८३६ सालीं तो त्या देशापासून फुटला व १८४५ सालीं अमेरिकेस जोडला गेला. पुढें रिओ ग्रांदे नदी ही सीमा ठरली. पण नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा, नातीं व मजुरी यांचे धागे जुळलेलेच राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शेतीला माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें मेक्सिकोशीं करार करून मजूर मागविले. ही योजना १९६४ अखेर बंद झाली. शेतमालकांची मजुरांची गरज मात्र तशीच राहिली. पुढें १९६५ च्या कायद्यानें पश्चिम गोलार्धांतून येणाऱ्यांच्या संख्येस प्रथमच मर्यादा घातली, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें त्या गोलार्धांतील प्रत्येक देशाला, मग तो केवढाहि असो, वर्षाकांठीं २०,००० ची मर्यादा लागू झाली. पूर्वीं जे हंगामापुरते परवान्यानें येत, ते आतां परवान्यावांचून येऊं लागले. विशेष असें कीं, १९५२ च्या कायद्यानें अशा माणसास आसरा देणें हा गुन्हा ठरविला होता. परंतु त्याला कामावर ठेवणें म्हणजे आसरा देणें नव्हे, अशी पुस्तीहि त्याच कायद्यास जोडलेली होती. तिला 'टेक्सासची पुस्ती' असें म्हणत. दाराला कुलूप होतें आणि खिडकींतून हांकहि येत होती.

अशा स्थितींत १९७५ सालीं टेक्सासच्या विधिमंडळानें शिक्षणविषयक कायद्यांत दुरुस्ति केली. जीं मुलें कायदेशीर रीतीनें देशांत आलेलीं नाहींत, त्यांच्या शिक्षणासाठीं राज्याच्या तिजोरींतून पैसा मिळणार नाहीं, असें तिनें ठरविलें, व अशा मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा स्थानिक शाळामंडळांस दिली. टायलरच्या मंडळानें दोन वर्षें या मुभेचा उपयोग केला नाहीं. परंतु १९७७ च्या जुलईंत त्याचा विचार पालटला, आणि परवाना नसलेल्या प्रत्येक मुलामागें वर्षास १,००० डॉलर फी भरावी, असा नियम झाला. या मुलांचे आईबाप मजुरी करून पोट भरणारे. दोन-तीन मुलांची एवढी फी भरणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. नियम फीचा असला तरी परिणाम हकालपट्टीचाच झाला.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत चार कुटुंबांनीं संघराज्याच्या जिल्हा न्यायालयांत फिर्याद लाविली. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांना कायदेशीर साह्य करणाऱ्या एका संस्थेचे वकील पीटर रूस आणि टायलर येथील वकील लॅरी डेव्ह्ज यांनीं त्यांचें काम चालविलें. खऱ्या नांवानें फिर्याद करणें म्हणजे आपण होऊन हद्दपारी ओढवून घेणें. म्हणून न्यायालयाच्या कागदांत मुलांना 'डो' हें आडनांव देण्यांत आलें. इंग्रजी कायद्याच्या परंपरेंत ज्याचें नांव उघड करावयाचें नसतें, त्याला हें आडनांव देतात. प्रतिवादी म्हणून शाळाखात्याचे अधीक्षक जेम्स प्लायलर यांचें नांव आलें, आणि खटला 'प्लायलर विरुद्ध डो' या नांवानें इतिहासांत राहिला.

न्यायाधीशांचें नांव विल्यम वेन जस्टिस. 'जस्टिस' म्हणजे न्याय. तें त्यांचें आडनांवच होतें. कुटुंबांवर लोकांची नजर पडूं नये म्हणून सुनावणी भल्या पहाटे ठेवण्यांत आली. तरीहि आईबाप आले ते मोटारींत घरचें सामान भरून. न्यायालयाच्या दारांतूनच आपली रवानगी सीमेपलीकडे होईल, अशी धास्ती त्यांना होती, आणि मुलें शाळेंत जावींत एवढ्यासाठीं त्यांनीं ती पत्करली होती. न्यायाधीशांनीं त्याच महिन्यांत तात्पुरता मनाईहुकूम दिला व मुलें शाळेंत परतलीं. पुढल्या वर्षीं तो हुकूम कायम झाला.

राज्याचें म्हणणें असें होतें कीं, पैसा मर्यादित आहे, तो कायद्यानें राहणाऱ्यांच्या मुलांवर खर्च व्हावा. शिवाय फुकट शाळेच्या आमिषानें सीमेपलीकडचे लोक अधिक येतील. हें म्हणणें पुराव्यापुढें टिकलें नाहीं. टेक्सासमध्यें राज्याचा आयकर नाहीं. तेथील शाळांचा खर्च मुख्यतः मालमत्तेवरील कर व राज्याची तिजोरी यांतून चालतो. घरभाडें देणारा मजूर भाड्याच्या रूपानें पहिल्या कराचा भार उचलतो, आणि दुकानांत खरेदी करतांना विक्रीकर भरून दुसऱ्यांत भर घालतो. त्याच्याजवळ परवाना आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. आणि हे लोक येत होते ते मजुरीसाठीं. मुलांच्या शाळेसाठीं सीमा ओलांडणारे विरळाच. तेव्हां शाळेचें दार लावून लोकांची रीघ थांबण्यासारखी नव्हती. मुलें तेवढीं रस्त्यावर राहिलीं असतीं.

ह्यूस्टन व इतर ठिकाणींहि असेच दावे झाले. ते एकत्र करून न्यायाधीश वुड्रो सील्स यांनीं १९८० सालीं मुलांच्याच बाजूनें निकाल दिला. राज्यानें अपील केलें. १ डिसेंबर १९८१ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें दोन्ही प्रकरणांत युक्तिवाद झाले.

तेथें सारा भार एका शब्दावर आला. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर, १८६८ सालीं, मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणार्थ घटनेस १४ वी दुरुस्ति जोडण्यांत आली. कोणतेंहि राज्य आपल्या अधिकारक्षेत्रांतील कोणत्याहि 'व्यक्तीस' कायद्याचें समान संरक्षण नाकारणार नाहीं, असें ती सांगते. तिनें येथें 'नागरिक' हा शब्द योजिलेला नाहीं. १८८६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील चिनी धोब्यांच्या प्रकरणांत याच शब्दाच्या बळावर परकीयांना न्याय मिळाला होता. (भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेदांतहि योगायोगानें १४ व्याच अनुच्छेदानें समानतेचा हक्क नागरिकापुरता न ठेवतां प्रत्येक व्यक्तीस दिला आहे.) परवान्यावांचून आलेला मनुष्य राज्याच्या 'अधिकारक्षेत्रांत' येत नाहीं, असा टेक्सासचा युक्तिवाद होता. ज्याला राज्याचे कायदे पाळावे लागतात, ज्याला राज्य शिक्षा करूं शकतें, तो अधिकारक्षेत्राबाहेर कसा? या मुद्द्यावर विरोधी न्यायमूर्तींनींहि मुलांच्याच बाजूचें मत मान्य केलें.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. १९७३ सालीं टेक्सासमधीलच सॅन अँटोनियो येथील गरीब वस्तींतील पालकांनीं शाळांच्या विषम खर्चाविरुद्ध दाद मागितली होती. तेव्हां याच न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असें ठरविलें होतें कीं, शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ति लुइस पॉवेल आतांहि न्यायासनावर होते. एके काळीं त्यांनीं व्हर्जिनिया राज्यांतील रिचमंडच्या शाळामंडळाचें अध्यक्षपद भूषविलें होतें.

१५ जून १९८२ रोजीं निकाल लागला. तो न्यायमूर्ति विल्यम ब्रेनन यांनीं लिहिला. शिक्षण हा मूलभूत हक्क नसला, तरी इतर सरकारी सवलतींसारखी ती एक सवलतहि नव्हे, असें त्यांनीं म्हटलें. आईबापांनीं सीमा ओलांडली, तो त्यांचा स्वतःचा निश्चय होता. मुलाला त्यांत मत नव्हतें. आईबापांच्या कृत्याबद्दल मुलाच्या कपाळीं जन्मभराचें अज्ञान लिहावयाचें, तर राज्याला त्यापासून कांहीं भरीव लाभ होतो, असें राज्यानें दाखविलें पाहिजे. टेक्सासला तें दाखवितां आलें नाहीं. यांतील बरींच मुलें या देशांतच राहणार, हें उघड होतें. त्यांना निरक्षर ठेवून वाढणार होती ती बेकारी व गुन्हेगारी.

निर्णय पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनींच झाला. बहुमतांत थरगुड मार्शल होते. १९५४ सालीं ज्या खटल्यांत वर्णावरून वेगळ्या शाळा अवैध ठरल्या, त्यांत ते वकील होते. पांच मतांपैकीं एक मत पॉवेल यांचें होतें. नऊ वर्षांपूर्वीं ज्यांनीं शिक्षणास मूलभूत हक्क मानलें नाहीं, त्यांनींच आतां निष्पाप मुलास शिक्षा देणें अमान्य केलें. विरोधी मत सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनीं लिहिलें, आणि तें क्षुल्लक नव्हतें. मुलांना निरक्षर ठेवणें हा अविचार आहे, हें त्यांनाहि मान्य होतें. परंतु प्रत्येक अविचार घटनाबाह्य नसतो. तो दूर करणें हें विधिमंडळाचें काम आहे, न्यायालयाचें नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

पुढील इतिहास पाहिला म्हणजे, हें काम विधिमंडळांवर सोंपविलें असतें तर काय झालें असतें, याची कल्पना येते. १९९४ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं अशा मुलांना शाळेंतून वगळण्याचा प्रस्ताव बहुमतानें संमत केला. न्यायालयानें तो अमलांत येऊं दिला नाहीं. २०११ सालीं अलाबामानें शाळेंत नव्यानें येणाऱ्या मुलांच्या वास्तव्याची चौकशी करण्याचा कायदा केला, तेव्हां अनेक पालकांनीं भयानें मुलांना घरींच ठेवलें. पुढल्या वर्षीं अपील न्यायालयानें तें कलम रद्द ठरविलें. २०२५ सालीं टेनेसीच्या सिनेटनें शाळांना प्रवेश नाकारण्याची मुभा देणारें विधेयक संमत केलें. त्या वर्षीं तें कायद्यांत उतरलें नाहीं. प्रत्येक वेळीं १९८२ चा निर्णय आडवा आला. मात्र तो शाळेपुरताच आहे. उच्च शिक्षणाचें दार उघडण्यास तो पुरत नाहीं.

टायलरच्या मुलांपैकीं बहुतेकांना पुढें १९८६ च्या कायद्यानें कायदेशीर वास्तव्य मिळालें. परवाना नसलेल्यांस जाणूनबुजून कामावर ठेवणें हा मालकाचाहि गुन्हा ठरला, तो याच कायद्यानें. अनेकजण टायलरमध्येंच शिकून तेथेंच स्थायिक झाले व कर भरूं लागले. ज्यांना १९७७ सालीं परकीं म्हणून वगळावयाचें होतें, तीं मुलें त्या शहराचींच झालीं. आणि तीं तशीं होणार, एवढेंच ब्रेनन यांच्या निकालानें वेळींच ओळखलें होतें.