आभाळाची जोखीम कोणाच्या शिरावर?



मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे कारखान्याच्या फाटकावर व युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास माझ्या तोंडी शोभणार नाही. मी आज भाजीच्या एका टोपलीचा इतिहास सांगणार आहे. आभाळ काय करील याचा नेम नसतो. परंतु त्याने जे केले त्याची किंमत कोणी मोजावी, हे माणसे ठरवतात. ती मोजण्याची एक निराळी रीत गेल्या पन्नास वर्षांत जगात रुजली. तिची ही हकीकत.

प्रथम जुनी रीत पाहू. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख व गंधकाचे कण वातावरणात उंच पसरले आणि सूर्याची ऊब कमी झाली. पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, अमेरिकेच्या ईशान्येस न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडले. जुलै-ऑगस्टमध्येही हिमकडाक्याने मका मेला. तिकडे हाच भर उन्हाळा आणि हाच पिकांचा मोसम. नुकसानीचा सारा भार, ज्याने पेरले त्याच्याच डोक्यावर आला. अनेक कुटुंबांनी गाडीत बिऱ्हाड भरले आणि पश्चिमेला ओहायोची वाट धरली.

आता नवी रीत. जपानमध्ये सहकारी चळवळीत मुरलेले तेरुओ इचिराकू यांनी १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना उभारली. तिथे शेतकरी आणि शहरातील गृहिणी यांच्यात थेट करार होऊ लागले. त्याला ‘तेइकेई’, म्हणजे हातमिळवणी, असे नाव पडले. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हाजवळ असाच प्रयोग सुरू झाला. १९८६ साली ती रीत न्यू इंग्लंडमध्ये दोन ठिकाणी रुजली: मॅसॅच्युसेट्समधील रॉबिन व्हॅन एन या बाईंच्या इंडियन लाइन शेतावर आणि न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन शेतावर. जिथून कधी शेतकरी उठून गेले होते, त्याच मुलखात!

रीत सोपी आहे. हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना, गावातील व शहरातील कुटुंबे वर्षाचा वाटा आगाऊ भरतात. त्या पैशातून बियाणे, खत आणि मजुरी भागते. मोसम सुरू झाला की दर आठवड्याला जे पिकेल त्याचा वाटा घरी येतो. पिकले तर भरपूर, नाही पिकले तर थोडे. टेंपल-विल्टनमध्ये तर शेतकरी वर्षाचा खर्च सभेपुढे मांडतात आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगायचा. बेरीज खर्चाइतकी झाली की सभा संपली. आम्ही युनियनवाले याला वर्गणी म्हणतो. संकट आल्यावर गोळा करतात ती मदत. संकट येण्यापूर्वी भरतात ती वर्गणी.

या कराराची खरी कसोटी लागते ती भर उन्हाळ्यात. जूनमध्ये वाटाणा आणि कोवळा पाला निघतो. जुलैत काकडी, घेवडा आणि झुकिनी एकदम अंगावर येतात. झुकिनी दोन दिवस तोडली नाही तर हातभर निबर होते. म्हणून तोडणी एक दिवसाआड, आणि तीही पहाटे, कारण उन्हात तापलेला पाला टोपलीतच कोमेजतो. टोमॅटो पिकायला लागलेला असतो आणि सभासद त्याचीच वाट पाहत असतात.

२००९ साली तो आला नाही. जून-जुलै पावसाचे व गारठ्याचे गेले. त्याच वर्षी मोठ्या दुकानसाखळ्यांतून विकलेल्या रोपांवरून करपा ईशान्येकडे पसरला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पाडणारा तो हाच रोग. हिरवीगार झाडे थोड्या दिवसांत काळी पडली. आयर्लंडच्या कुळांनी त्या रोगाचा हिशेब प्राणांनी चुकवला. इथे वाट्यात टोमॅटो नव्हता, पण बीट, कोबी होती. आणि शेत उभे राहिले.

पुढे २०२३ चा जुलै. १० व ११ तारखांना व्हर्मांट राज्यात अतोनात पाऊस झाला. बर्लिंग्टन शहरालगत विनूस्की नदीकाठी इंटरव्हेल म्हणून सखल जमीन आहे. तिथे अशी सभासदांची शेती आहे. पाणी चढण्यापूर्वी माणसे हाक ऐकून धावली आणि हाताला येईल ते तोडून नेले. उरलेले बुडाले. पुराच्या पाण्यात मैला आणि रसायने असतात; त्याने भिजलेली भाजी विकता येत नाही, ती वाया जाते. बरोबर एका वर्षाने, २०२४ च्या त्याच तारखांना, व्हर्मांटवर पुन्हा पूर आला. वर्गणी पाणी अडवू शकत नाही. बुडालेला माणूस एकटा बुडू नये, एवढेच ती करू शकते.

तरी मी कामगारांचा माणूस. दोष झाकणार नाही. अमेरिकेच्या १९३५ च्या युनियन-हक्काच्या कायद्यातून शेतमजूर वगळला गेला, १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही वगळला गेला. पुढे काही दुरुस्त्या झाल्या. पण जादा कामाच्या जादा दामाचा हक्क देशभरच्या कायद्याने त्याला अजून दिलेला नाही. पहाटे झुकिनी तोडणारा हात जर पगारी असेल, तर त्याचे तास वाट्याच्या किमतीत धरले आहेत काय, हे सभेत विचारले गेले पाहिजे. मालक आणि ग्राहक यांनी जोखीम वाटून घेतली आणि मजूर बाहेर राहिला, तर ती रीत अर्धीच नवी.

शेवटी एक घरची गोष्ट. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील संपात होते. गावाहून चुलत्यांनी तांदळाची गोणी पाठवली, आणि पुन्हा पाठवली. आम्ही ती खाल्ली. पुढे एका वर्षी गावात पावसाने दगा दिला. तेव्हा मला नोकरी होती. मी चुलत्यांना पत्र लिहिले, हळहळ कळवली. पैसे मात्र पाठवले नाहीत. शेतीचे नुकसान शेतकऱ्याचे, असे तेव्हा मला अगदी स्वाभाविक वाटले होते.

ते स्वाभाविक नव्हते, ती नुसती सवय होती. आणि सवय मोडता येते, एवढे या टोपलीच्या इतिहासाने मला शिकवले. चुलते आज नाहीत. म्हणून तो हिशेब मी आपणा सर्वांपुढे मांडला.