स्वाझी लोक आणि मक्त्यात गेलेली त्यांची भूमी

दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्या मध्ये वसलेले एस्वातिनी हे जेमतेम १७,३६४ चौरस किलोमीटरचे राज्य २०१८ पर्यंत स्वाझीलंड या नावाने ओळखले जाई. तेथील स्वाझी लोक बांटू भाषासमूहातील ङ्गुनी शाखेचे. उत्तरेकडून सरकत आलेले त्यांचे पूर्वज दीर्घकाळ आजच्या मापुटोजवळ, डेलागोआ उपसागराच्या परिसरात राहिले. (मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता.) अठराव्या शतकात द्लामिनी कुळाचा प्रमुख तिसरा ङ्ग्वाने याने लुबोम्बो डोंगर ओलांडून पोंगोला नदीच्या आसपास वस्ती केली. आजचे राजघराणे याच कुळातले.

पुढे न्द्वान्द्वे टोळीचा प्रमुख झ्विडे याच्या दबावामुळे पहिल्या सोभुझाला उत्तरेकडे सरकावे लागले. मात्र त्याच झ्विडेची कन्या त्याने राणी म्हणून घरात आणली. एझुल्विनी खोऱ्याच्या परिसरात आधीपासून राहणारी कुळे त्याने आपल्या राज्यात सामावून घेतली. त्यांना ‘एमाखान्झाम्बिली’, म्हणजे ‘आधी भेटलेले’, असे नाव पडले. त्याचा पुत्र दुसरा म्स्वाती (राज्यकाल १८४० ते १८६८) याने वयोगटांनुसार उभारलेल्या सैन्याच्या बळावर राज्य वाढविले आणि प्रजेला त्याचेच नाव मिळाले.

सोभुझाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गोरे लोक एका हाती ग्रंथ आणि दुसऱ्या हाती नाणे घेऊन येतील, तुम्ही ग्रंथ घ्या, नाणे टाळा, असा दृष्टांत त्याला स्वप्नात झाला. नाण्याचा धोका त्याने ओळखला. पण स्वाझींचा घात केला तो कागदाने.

म्बान्झेनीच्या कारकिर्दीत (१८७५ ते १८८९) मेंढपाळ बोअर आणि सोन्याच्या शोधातले इंग्रज यांची राजाकडे रीघ लागली. राजाला लिहिता-वाचता येत नव्हते. स्वाझी रूढीप्रमाणे भूमी साऱ्या प्रजेची, राजा तिचा केवळ विश्वस्त. त्यामुळे चराईची वा खाणीची परवानगी म्हणजे वापराची मुभा, असा त्याचा समज होता. समोरचा मात्र तिला मालकी समजत असे. एकाच जमिनीवर एकाची चराई, दुसऱ्याची खाण, तिसऱ्याचे लाकूड असे मक्ते चढले. टपाल, जकात, रेल्वे, अखेरीस राजाचे खासगी उत्पन्न वसूल करण्याचा हक्कही मक्त्याने गेला. हा गोंधळ आवरण्यासाठी नाताळमधील बडे अधिकारी सर थिओफिलस शेपस्टन यांच्या मुलाला सल्लागार नेमण्यात आले, तरी मक्त्यांची संख्या वाढतच राहिली. यात एकट्या राजाला दोष देणे सोपे आहे. पण शस्त्राने प्रतिकार केलेल्या झुलू राज्याचे १८७९ नंतर काय झाले, हे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

१८८१ आणि १८८४ च्या करारांत ब्रिटन व ट्रान्सव्हाल यांनी स्वाझींचे स्वातंत्र्य मान्य केले; पण तसे करताना सीमा अशी आखली की असंख्य स्वाझी ट्रान्सव्हालमध्ये राहिले. १८९५ पासून ट्रान्सव्हालचा अंमल सुरू झाला आणि बोअर युद्धानंतर ब्रिटिशांचा. नव्या राज्यकर्त्यांनी मक्ते रद्द केले नाहीत. १९०७ च्या जाहीरनाम्याने त्यांतील एक-तृतीयांश जमीन स्वाझींसाठी राखून उरलेली मक्तेदारांच्या पदरात टाकली.

या काळात राज्य सांभाळले ते राणी लाबोत्सिबेनी हिने. १८९९ मध्ये तिचा मुलगा भुनू मरण पावला तेव्हा नातू दुसरा सोभुझा अवघ्या काही महिन्यांचा होता. जमीन परत विकत घेण्यासाठी तिने प्रजेकडून निधी गोळा केला. त्यासाठी पुरुषांना जोहान्सबर्गकडील खाणींत मजुरीला जावे लागले. स्वतःचीच भूमी मजुरीच्या पैशांनी सोडवून घेण्याची ही वेळ होती. १९२१ मध्ये गादीवर आलेला सोभुझा लंडनपर्यंत दाद मागायला गेला. १९२६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. मग त्याने खरेदीचाच मार्ग धरला. ६ सप्टेंबर १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळाले तोवर निम्म्याहून अधिक जमीन स्वाझींकडे परतली होती. पाच वर्षांनी याच सोभुझाने राज्यघटना रद्द करून सर्व सत्ता आपल्या हाती घेतली, हेही नोंदवावयास हवे.

सीमेचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९८२ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकी सरकारने का-ङ्ग्वाने आणि इंग्वावुमा हे प्रदेश स्वाझीलंडला देण्याचे ठरविले. तेथूनच तीव्र विरोध झाल्याने तो बेत बारगळला. आज एस्वातिनीपेक्षा दक्षिण आफ्रिकेत स्वाझी अधिक आहेत आणि त्यांची सिस्वाती तेथील राजभाषांपैकी एक आहे.