एका जुन्या फटफटीची विक्री

श्रोतेहो, जुन्नरचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें शिवनेरी उभा राहतो. त्याच्याही मागें गेलें तर नाणेघाट आणि लेणीं. मींही प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें मुलांना हाच इतिहास शिकविला. परंतु आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें ती दगडाची नसून लोखंडाची आहे, आणि तिचें वय उणेंपुरें पस्तीस वर्षांचें आहे. ती म्हणजे माझी यामाहा आर. एक्स. १०० ही फटफटी. गेल्या मार्गशीर्षांत मीं ती विकली. विकतांना जो प्रश्न पुढें आला तो मला इतिहासाचाच वाटला, म्हणून तो आपल्यापुढें मांडीत आहें.

१९८० पर्यंत आपल्या रस्त्यांवर फटफटी म्हणजे राजदूत, येझदी किंवा बुलेट. पुढें सरकारचें धोरण सैल झालें आणि जपानी कारखान्यांशीं सहकार्याचे करार झाले. १९८४ मध्यें टी. व्ही. एस.ची सुझुकी आली. १९८५ मध्यें हीरोची होंडा आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्‌सची ही यामाहा. १९८६ मध्यें आपल्याच जिल्ह्यांतील आकुर्डीच्या बजाजनें कावासाकी काढली. यामाहाचें इंजिन अवघें ९८ घनसेंटिमीटरचें, पण शक्ति ११ अश्वांची, आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. त्यामुळें ती बाणासारखी सुटे. शहरांतील तरुणांना तिचें वेड लागलें तें यासाठींच.

जुन्नर-आंबेगांवकडे मात्र ती निराळ्या कामाला लागली. येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगांव जोगे या पांच धरणांचा कुकडी प्रकल्प टप्प्याटप्प्यानें पुरा होत होता. कालव्याचें पाणी शिवारांत फिरूं लागलें तसा ऊस वाढला, नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार वाढला आणि दुधाचा धंदाही वाढला. दूध आणि टोमॅटो कोणासाठीं थांबत नाहींत. त्यांना पहांटे वेळेवर पोंचवावें लागतें. कारखान्यानें तरुणांच्या हौसेसाठीं घडविलेल्या यंत्राला आपल्या शेतकऱ्यानें ओझ्याच्या कामाला जुंपलें. जुंपतांना अर्थातच त्याचें रूप बदललें.

माझी गाडी १९९१ सालची. तिचा पहिला मालक मंचरकडचा एक दूधवाला. त्यानें मागें दोन्ही बाजूंस कॅन अडकविण्यासाठीं लोखंडी आंकडे जोडून घेतले आणि ओझें पेलावें म्हणून मागच्या स्प्रिंगा अधिक ताठ बसविल्या. १९९८ मध्यें ती माझ्याकडे आली. माझी शाळा तेव्हां डिंभ्याच्या पुढें, भीमाशंकरच्या रस्त्याला होती. चढाला जोर मिळावा म्हणून मीं मागचें स्प्रॉकेट दोन दात्यांनीं मोठें करून घेतलें. त्यानें वेग घटतो, पेट्रोल थोडें अधिक लागतें, पण भर पावसांतही गाडी चढ सोडीत नाहीं. दूधवाल्याच्या आंकड्यांवर मीं एक पत्र्याची पेटी बसविली. तींत वह्या आणि उत्तरपत्रिका कोरड्या राहत. चौथीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मीं दोन दोन मुलांना बसवून घोडेगांवला तीन खेपा केल्या आहेत. तें नियमांत बसत नव्हतें, हें मी आज कबूल करतों.

१९९६ मध्यें या गाडीचें उत्पादन बंद झालें. तिच्या दोन फेऱ्यांच्या इंजिनांत पेट्रोलाबरोबर तेलही जळे आणि धूर होई. धुराचे नियम कडक होत गेले, आणि चार फेऱ्यांच्या गाड्या एका लिटरांत कितीतरी अधिक चालत. पण जी वस्तु पुन्हां निघणार नाहीं तिचा भाव वाढतो. आतां शहरांत या गाड्यांचे षोकी आहेत. असाच एक पुण्याचा तरुण माझ्याकडे आला. गाडी त्याला आवडली, पण त्याची अट होती : ती ‘ओरिजिनल’ करून द्यावी. आंकडे कापावे, पेटी काढावी, स्प्रॉकेट आणि स्प्रिंगा कारखान्याच्या मापाच्या बसवाव्या. मग तो पुष्कळ अधिक रक्कम देणार होता. नारायणगांवचा मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, चार दिवसांचें काम आहे.” त्या वाढीव रकमेंत माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च निघाला असता.

तरुणाचें म्हणणें गैर नव्हतें. कायद्याचाही कल तिकडेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदीशीं विसंगत असे फेरफार करूं देत नाहीं. २०२१ च्या नियमांप्रमाणें जी गाडी पन्नास वर्षांपूर्वींची आहे आणि मूळ रूपांत राखलेली आहे, तिलाच पुराणवाहनाचा मान मिळतो. म्हणजे जुनेपणा तोच, ज्याला कोणाचा हात लागला नाहीं.

पण लेण्याद्रीला आपण काय पाहतों? जेथें गिरिजात्मजाचें दर्शन घेतों तें सातवें लेणें मूळ बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. पुढील लोकांनीं त्यांत आपला देव बसविला, त्यासाठीं खोल्यांत फेरफार केले. तें लेणें पुन्हां ‘मूळ’ करा, असें कोणी म्हणत नाहीं. विहारही इतिहास आहे आणि देऊळही. माझ्या गाडीवर जपानचा कारागीर आहे, तसा मंचरचा दूधवालाही आहे, आणि डिंभ्याच्या पलीकडची शाळाही आहे. आंकडे कापले कीं उरतो फक्त पहिला.

मीं गाडी होती तशीच ठेवली. कोणता बदल कोणत्या सालीं आणि कशासाठीं केला, तें दोन पानांवर लिहून त्या तरुणाच्या हातीं दिलें. त्यानें दोन दिवस विचार केला आणि कमी रकमेला गाडी घेतली. आंकडे तो ठेवील कीं कापील, हा आतां त्याचा अधिकार. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत कार्यालयास कळवावयाचें असतें, तेंही मीं केलें. डोळ्याचें काम अजून राहिलें आहे.

हस्तांतराच्या वेळीं सांगाड्यावरील क्रमांकावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासतात, आणि अक्षरें उमटतात. शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत याच जातीची आहे. त्या ठशाची एक प्रत मीं ठेवून घेतली आहे. श्रोतेहो, आपल्या घरींही एखादें जुनें यंत्र, एखादा पाटा, एखादी पेटी विकावयाची असेल. तिच्यावरील वापराच्या खुणा विकण्यापूर्वीं पुसूं नका. पुसावयाच्याच असतील, तर आधीं लिहून ठेवा.