कोटाची बटणं आणि मुलाचं वय

कोर्सवर्कच्या माझ्या पहिल्याच प्रेझेंटेशनला सरांनी एक प्रश्न विचारला होता, "तू जे मोजतोयस असं म्हणतोस, तेच मोजतोयस का?" मी वनस्पतीशास्त्राचा. बोलत होतो जंगलातल्या झाडांच्या वयाबद्दल, आणि हातात आकडे होते फक्त खोडाच्या घेराचे. जाड खोड म्हणजे जुनं झाड, असं मी धरून चाललो होतो. पण खडकाळ उतारावरचं जुनं झाड ओढ्याकाठच्या तरुण झाडापेक्षा बारीक असू शकतं. पुढच्या स्लाइड्स दाखवायची वेळच आली नाही.

त्या प्रश्नाचं वजन मला खरं कळलं ते इतिहास वाचताना. विषय माझ्या विषयापासून फार लांबचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका. प्रश्न वरवर अगदी सोपा: 'मुलगा' कोणाला म्हणायचं आणि तो 'पुरुष' कधी होतो?

१९०४ साली या प्रश्नावर दोन गोष्टी घडल्या. जी. स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाचा 'अडोलसन्स' हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हॉल हा मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठाचा अध्यक्ष. साधारण १४ ते २४ हा आयुष्याचा एक वेगळा, वादळी टप्पा आहे, या काळात मुलावर मोठ्यांचा भार टाकू नये, त्याला वेळ द्यावा, असं त्याचं म्हणणं. आज आपण 'टीनएज' म्हणून जे सहज बोलतो, त्यामागे या पुस्तकाचा मोठा हात आहे. मुलांना मैदानावर, रानात नेऊन घडवायचं, ही कल्पनाही त्याच काळात जोर धरत होती. १९१० मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका सुरू झाली.

त्याच १९०४ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समिती स्थापन झाली. १९०० च्या जनगणनेनुसार १० ते १५ वयाची सुमारे साडेसतरा लाख मुलं-मुली कामाला जुंपलेली होती. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, एकीकडे २४ वर्षांपर्यंत लांबणारं कोवळेपण, आणि दुसरीकडे दहाव्या वर्षी संपलेलं.

आता इथे थांबा आणि रिसर्च स्टुडंटसारखा विचार करा. हॉलचा सॅम्पल कुठला? त्याच्या अभ्यासात शिक्षक-पालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांना मोठं स्थान होतं. साहजिकच शाळेत जाणारी मुलं त्यात जास्त. पण १९०० साली तिथे १७ वर्षांच्या शंभर जणांमागे हायस्कूल पूर्ण करणारे जेमतेम सहा होते. आणि याच ग्रंथातल्या एका प्रकरणात हॉल अख्ख्या मानवसमूहांनाच 'पौगंडावस्थेतले' ठरवून मोकळा होतो. गोऱ्या सुस्थितीतल्या घरातलं पोर हळूहळू पुरुष होणार, आणि बाकीच्या वंशांतले मोठे पुरुषसुद्धा पोरच. सिद्धांत कितीही गाजला तरी त्याचा सॅम्पल आणि त्याची गृहीतकं तपासायची ती यासाठी.

बालकामगार समितीने १९०८ मध्ये लुईस हाइन या शिक्षकाला छायाचित्रकार म्हणून नेमलं. पुढची बरीच वर्षं तो कापडगिरण्या, काचकारखाने, खाणी पालथ्या घालत फिरला. मालक आत घेत नसत, तेव्हा कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा असं सोंग घेऊन तो शिरायचा. जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या साउथ पिट्स्टनला त्याने कोळसा निवडणाऱ्या मुलांचे फोटो काढले. घसरगुंडीसारख्या पन्हाळीतून कोळसा खाली यायचा आणि तिच्यावर ओळीने वाकून बसलेली मुलं त्यातले दगड हातांनी वेचायची. धूळ इतकी की फोटोतही चेहरे काळे दिसतात.

पण फोटोवरून वय सिद्ध होत नाही. मुलाला विचारलं तर तो पढवलेलं वय सांगणार. आईबापाने कागदावर लिहून दिलेलं वय नोकरीपुरतं. जन्मनोंदणी म्हणाल तर देशभर एकसारखी नव्हतीच. तिचं राष्ट्रीय क्षेत्र १९१५ मध्ये दहा राज्यं आणि राजधानी एवढ्यावर सुरू झालं आणि सगळी राज्यं त्यात यायला १९३३ उजाडलं. म्हणून हाइन एक युक्ती करायचा. आपल्या कोटाचं कितवं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला पाठ होतं. मुलगा शेजारी उभा राहिला की त्याचं डोकं कुठल्या बटणापर्यंत येतं ते बघायचं आणि खिशातल्या कागदावर गुपचूप खरडायचं.

वाचताना मला माझे खोडाचे घेर आठवले. हाइनही वय मोजत नव्हता, उंची मोजत होता. अर्धपोटी, दहा-बारा तास राबणारा १४ वर्षांचा मुलगा ११ वर्षांचा दिसू शकतो. मग हे मोजमाप चुकीचं म्हणून फेकून द्यायचं? मला तसं वाटत नाही. वय म्हणून ते कच्चं आहे, पण वाढ खुंटली का, या प्रश्नासाठी तोच आकडा कामाचा आहे. कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, एवढं मात्र स्पष्ट लिहावं लागतं.

या सगळ्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये कीटिंग-ओवेन कायदा आला. १४ वर्षांखालच्या मुलांना राबवणाऱ्या कारखान्याचा माल राज्याबाहेर पाठवायला बंदी, १४ ते १६ वयाच्या मुलांना दिवसाला आठ तासच काम. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट इथल्या कापडगिरणीत काम करणारा रोलंड डॅगनहार्ट याविरुद्ध कोर्टात गेला. त्याचे दोन मुलगे, रुबेन आणि जॉन, त्याच गिरणीत होते. मुलांची कमाई हा बापाचा हक्क आहे, असा दावा. खटल्यामागे जोर होता गिरणीमालकांचा. ३ जून १९१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदाच रद्द केला.

या कायद्यातही एक मोठी फट होती, तीही बघून ठेवा. तो खाणी आणि कारखान्यांपुरता होता. काम करणाऱ्या मुलांतली निम्म्याहून जास्त होती शेतात. दक्षिणेतल्या गिरण्या चात्यांवर जवळपास फक्त गोऱ्यांनाच घेत, काळी मुलं कापसाच्या वावरात. म्हणजे देशाला हळहळ वाटली ती ज्यांना गिरणीत गाठता आलं त्यांच्यासाठी, आणि कायदाही त्यांच्यापुरताच झाला. १९३८ च्या केंद्रीय कायद्याने कारखान्यातली बालमजुरी आवळली, पण शेतीला सवलत ठेवली. तिथे आजही शाळेच्या वेळेबाहेर आणि पालकांच्या संमतीने १२ वर्षांचं पोर शेतमजुरी करू शकतं.

निकालानंतर पाच-सहा वर्षांनी एक पत्रकार रुबेनला शोधत गेला. खटला जिंकून तुला काय मिळालं, असं त्याने विचारलं. रुबेन तेव्हा विशीचा, लग्न झालेला. तो म्हणाला त्याचा आशय असा: माझं वजन १०५ पौंड, तिसरीनंतर शाळा सुटली, गिरणीने माझी वाढ खुंटवली असं मला वाटतं, आणि जे शिक्षण मिळालं नाही त्याची आता गरज पडते. १०५ पौंड म्हणजे जेमतेम ४८ किलो. धाकट्या बहिणीला मात्र गिरणीत जाऊ देणार नाही, असंही त्याने सांगितलं.

हॉलच्या व्याख्येत रुबेन अजून कोवळा, जपण्याजोगा. कोर्टाच्या लेखी बापाच्या हक्काचा विषय. हाइनच्या हिशोबात कदाचित एखादं बटण. त्याला स्वतःला विचारायला मात्र निकाल लागून गेल्यावर कोणीतरी गेलं.

तुमचा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा दोन ओळी नक्की लिहा: मी नेमकं काय मोजतोय, आणि माझ्या सॅम्पलमध्ये कोण येऊच शकत नाही. माझ्या थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात आता 'झाडाचं वय' असा शब्द नाही. तिथे 'खोडाचा घेर' असं लिहिलंय.